तापलेल्या इंजिनाचा रुसवा

सकाळी तत्काळ सुरू होणारी जुनी मोटार बाजारात दहा मिनिटे थांबताच रुसते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. आणि दोषसंकेत तर एकही उमटलेला नसतो! अशा वेळी पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा संशय घ्यावा. पुष्कळ गाड्यांत त्याचा विद्युत्-रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांस अवघा ३०० च्या आसपास असतो. इंजिन तापले असताही तो थंडीचाच आकडा सांगू लागला, की नियंत्रक पेट्रोल अधिक सोडतो व इंजिन गुदमरते. तो आकडा असंभाव्य नसल्यामुळे नियंत्रकास पुष्कळदा शंकाही येत नाही. उलट पी ०११८ हा संकेत उमटला, तरी तो मंडलातील विद्युत्-दाब वाजवीपेक्षा अधिक आहे, एवढेच सांगतो. तार तुटली तरी तोच येतो. (गॅरेजात मात्र लगेच सेन्सर बदलण्याची घाई!) तेव्हा आधी, इंजिन तापलेले असतानाच, जोड काढून सेन्सरचा रोध मोजावा, तो योग्य निघाला, तर जोड गंजला आहे काय, ते पाहावे.