मॉडेल विमानाचा पंख : आकार कसा शोधावा, कसा निवडावा



डिप्लोमा व इंजिनिअरिंगच्या अनेक विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून, तर एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्रांना प्रशिक्षणाचा भाग म्हणून मॉडेल विमान तयार करावे लागते. हा श्रीमंतांचा छंद आहे, अशा समजुतीने आपली पुष्कळ मुले मागे राहतात, नाहीतर उसनवारी करून तयार संच आणतात आणि जोडून मोकळी होतात. वास्तविक या विषयातले सर्वांत मोलाचे ज्ञान, म्हणजे पंखाच्या आकाराचे आकडे, आज फुकट मिळते. अडते ते निवडीपाशी.

विमानाच्या लांबीच्या दिशेने पंख कापला असता जो छेद दिसतो त्याला एअरफॉइल म्हणतात. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे सरळ अंतर म्हणजे कॉर्ड. छेदाची जाडी आणि बाक हे दोन्ही या कॉर्डच्या टक्केवारीत सांगतात. अमेरिकेतील नाका या सरकारी संस्थेने १९३३ साली अशा ७८ छेदांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्यांची नावेच बोलकी आहेत. नाका २४१२ म्हणजे बाक २ टक्के, तो पुढून ४० टक्क्यांवर, आणि जाडी १२ टक्के. हे चार अंकी छेद सूत्रावरून निघतात. बारावीचा विद्यार्थी साध्या कॅल्क्युलेटरवर ते काढू शकेल.

आता खरा मुद्दा. सेस्ना १७२ या विमानाचा पंख नाका २४१२ वर आधारलेला आहे, म्हणून तोच आपल्या मॉडेललाही उत्तम, असे अनेकांना वाटते. केवळ ग्रंथात आहे किंवा थोरांनी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हा कालाम सुत्तातला तथागतांचा उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो. पारखण्याचे साधन आहे रेनॉल्ड्स संख्या. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा, कॉर्ड मीटरमध्ये घ्यावी, दोहोंचा गुणाकार करून त्याला ७०,००० ने गुणावे. २० सेंटिमीटर कॉर्डचे मॉडेल सेकंदाला १० मीटर वेगाने उडत असेल, तर उत्तर येते १,४०,०००. सेस्नाची संख्या साठ लाखांच्या घरात जाते. हाताने फेकायच्या ७ सेंटिमीटर कॉर्डच्या ग्लायडरची, सेकंदाला ५ मीटर वेगाने, जेमतेम २४,५०० भरते.

वेग कसा कळणार? मैदानावर ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना एकेक जण उभा करावा आणि घड्याळ लावावे. वाऱ्याचा परिणाम जावा म्हणून जाताना व येताना असे दोन्ही वेग काढून त्यांची सरासरी घ्यावी.

या संख्येला एवढे महत्त्व का? ती लहान असते तेव्हा पंखालगतचा हवेचा पातळ थर संथ, एकसारखा वाहतो. असा थर फुगीर भागावरून उतरताना दमतो आणि पृष्ठभाग सोडून देतो. मग उचल घटते आणि रोध वाढतो. संख्या मोठी असली की थरात खळबळ माजते, वरच्या वेगवान हवेतून त्याला शक्ती मिळते आणि तो पंखाला चिकटून राहतो. जर्मनीच्या एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात हे मोजून दाखवले : एका मर्यादेखाली जाड, गोल नाकाचा छेद एकाएकी ढेपाळतो, तर साधी पातळ, वाकवलेली पट्टी त्याहून सरस ठरते. म्हणूनच काही मॉडेलकार पुढच्या कडेच्या थोडे मागे, पंखाच्या लांबीभर, शिवणदोरा चिकटवतात. मुद्दाम खळबळ निर्माण करण्याचा हा स्वस्त उपाय आहे.

लहान संख्यांसाठी खास छेद पुढे तयार झाले. मायकेल सेलिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात केलेल्या चाचण्या १९८९ साली प्रसिद्ध झाल्या. चाचणीचे पंख छंदी मॉडेलकारांनी स्वतः बनवून दिले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सेलिग यांनी पुढे इलिनॉय विद्यापीठात जमवलेला सुमारे १,६०० छेदांच्या आकड्यांचा संग्रह इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. मार्क ड्रेला यांची एक्सफॉइल ही संगणक प्रणालीही विनामूल्य आहे.

पहिल्या विमानाला मी क्लार्क वाय सुचवीन. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ मध्ये आखलेला हा छेद ११.७ टक्के जाड आहे आणि पुढून ३० टक्क्यांनंतर खालून सपाट आहे. त्यामुळे पाटावर ठेवून रिबा सरळ लावता येतात. २० सेंटिमीटर कॉर्ड घेतली, तर नाकाचे टोक पाटापासून ७ मिलिमीटर वर येते. पुढून ६ सेंटिमीटरवर उंची २३.४ मिलिमीटर, १२ सेंटिमीटरवर १८.३ आणि १८ सेंटिमीटरवर ५.६. टक्के गुणिले कॉर्ड, एवढेच गणित.

कसरतीच्या विमानाला नाका ००१२ सारखा दोन्ही बाजूंनी सारखा छेद हवा, कारण ते उलटेही उडते. ग्लायडरला एसडी ७०३७ चांगला. शेपूट नसलेल्या विमानाला मागची कड किंचित वर वळलेला छेद लागतो. वजन उचलण्याच्या स्पर्धेसाठी कॉलेजातली मुले हमखास एस १२२३ घेतात. त्याची उचल जबरदस्त आहे हे खरे. पण रोधही मोठा, आणि मागचा भाग इतका पातळ व वाकडा की थर्मोकोलमध्ये तो नीट कापणे महाकठीण. वाकडातिकडा झालेला एस १२२३ घेण्यापेक्षा स्वच्छ घडवलेला साधा छेद केव्हाही बरा.

थर्मोकोल तापलेल्या तारेने कापताना दोन्ही टोकांना सनमायकाचे साचे लावावेत आणि काम मोकळ्या हवेत करावे, धूर अपायकारक असतो. रिबांचा पंख असेल तर रिबा फार दूर ठेवू नयेत. मधला कागद खोलगट झाला की तेथे आपण निवडलेला छेद उरतच नाही.

पंख रबरबँडने बांधण्याजोगा ठेवावा. म्हणजे एकाच धडावर दोन निरनिराळे पंख लावून, वजन व तोल तोच राखून, शांत हवेत सकाळी गवतावर प्रत्येकी दहादा हाताने फेकून पाहता येते. प्रत्येक फेकीचे अंतर आणि वेळ वहीत लिहून ठेवावी.