फिश फाइंडर आणि पोटातली गाठ

आपल्या तळ्यातल्या होडीला फिश फाइंडर लागत नाही, पण कारवारकडच्या ट्रॉलरवर तो बघितलाच असेल. पाण्यात आवाज सोडायचा, परत आला की खाली मासा आहे का खडक ते कळतं. सोनोग्राफी तशीच.

ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी 1955 मध्ये ऑपरेशनात काढलेल्या गाठी बॉयलरच्या कारखान्यात नेल्या आणि लोखंडातली चीर शोधायच्या यंत्रावर तपासल्या. पुढे एका बाईला जठराचा कॅन्सर, इलाज नाही, असं सांगितलेलं. यंत्रात अंडाशयाची पाण्याची गाठ दिसली. काढली, बाई वाचली!

पातळ भिंतीची, नुसत्या पाण्याची गाठ बहुतेक साधी असते. आत घट्ट भाग, जाड पडदे, डॉपलरमध्ये रक्ताचा प्रवाह किंवा पोटात पाणी दिसलं, तर डॉक्टर एमआरआय, सीटी सांगतात. कॅन्सरचं पक्कं निदान मात्र गाठीचा तुकडा तपासूनच.

आपल्या बायका मासळी विकताना पोट फुगलं तर गॅस म्हणून ओवा खातात. पोट सतत फुगणं, दोन घासांत भरणं, वारंवार लघवी, असं दोन-तीन आठवडे चाललं तर हुबळीला पूर्वीच्या किम्समध्ये दाखवा. पोटावरून सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते, पाणी पिऊन जा. आणि होडीवाल्यांनो, त्या दिवशी जाळं राहू द्या, सोबत जा.