दुधातली साखर ओळखणारा जिवाणू

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू जेमतेम मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. पण त्याला ग्लुकोज आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, एकत्र दिली तर तो आधी ग्लुकोज फस्त करतो. मग त्याची वाढ काही काळ थांबते आणि त्यानंतर तो लॅक्टोजकडे वळतो. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये जाक मोनो यांना हा थांबा दिसला आणि त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही.

१९६१ साली त्यांनी आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी उत्तर मांडलं. जिवाणूच्या सुमारे ४,३०० जनुकांपैकी लॅक्टोजसाठीची तीन डीएनएवर ओळीने असतात. त्यांच्या तोंडाशीच रिप्रेसर नावाचं प्रथिन ठाण मांडून बसतं, त्यामुळे जनुकांची नक्कल काढणाऱ्या एन्झाइमला पुढे सरकता येत नाही. लॅक्टोज पेशीत आलं की त्यापासून बनलेला एक रेणू रिप्रेसरला चिकटतो. प्रथिनाचा आकार बदलतो, डीएनएवरची पकड सुटते. काही मिनिटांतच लॅक्टोज फोडणारं एन्झाइम तयार होऊ लागतं आणि त्याचं प्रमाण सुमारे हजारपटीने वाढतं.

ग्लुकोजचीही दखल घेतली जाते. ते पेशीत येत असेपर्यंत लॅक्टोजची वाट अडवलेली असते. ते संपलं की दुसरं एक प्रथिन नक्कल काढणाऱ्या एन्झाइमच्या मदतीला येतं.

आता खरी गंमत. लॅक्टोज आत घेणारं प्रथिन आणि त्यापासून तो इशारा देणारा रेणू बनवणारं एन्झाइम, दोन्ही याच बंद जनुकांतून बनतात. मग पहिलं लॅक्टोज आत शिरतं कसं? कारण रिप्रेसरची पकड शंभर टक्के नसते. अधूनमधून ती क्षणभर सुटते, एखादी नक्कल निघून जाते आणि ही प्रथिनं पेशीत किंचित शिल्लक राहतात. जनुकं पूर्ण बंद असती, तर हा जीव दुधात बुडूनही उपाशी राहिला असता!

पेशीत असे रिप्रेसर जेमतेम दहाच्या आसपास. १९६६ साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी ते वेगळे काढून दाखवले, तोवर ते निव्वळ तर्काने ओळखलेले होते. ठरवणारं कुणीही नाही, आकार बदलणारे मूठभर रेणू आहेत, आणि तरीही निर्णय अचूक होतो. जीवसृष्टीचं याहून मोठं आश्चर्य मला ठाऊक नाही.