ट्रॅक्टर चोरीपासून सांभाळा

धामणगाव बढे परिसरात ट्रॅक्टर रात्री गोठ्याजवळ किंवा शेतातच उभा असतो. एकाच मॉडेलच्या ट्रॅक्टरला पुष्कळदा दुसरी किल्लीही लागते. म्हणून केवळ किल्लीवर विसंबू नये. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवावा. डिझेल इंजिन ढकलूनही सुरू होते. त्यामुळे ट्रॅक्टर उताराला लावू नये, पुढचे चाक साखळीने जखडून कुलूप लावावे. ट्रॉलीची पिन घरात ठेवावी. कापूस घेऊन मलकापूरला मुक्काम पडल्यास ट्रॅक्टर उजेडात लावून एकाने जवळच झोपावे. इंजिन व चेसिस क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. चोरी होताच 112 वर कळवून ठाण्यात फिर्याद द्यावी. नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून चोरीची भरपाई मिळत नाही. चोरीचाही समावेश असलेला विमा घ्यावा.