जळक्या वाळूचा हिशेब

कोल्हापूरच्या फौंड्रीत एखादा सुटा भाग ओतायचा, तर आधी त्याचा साचा वाळूत घडवावा लागतो. वाळूत बेंटोनाइट आणि पाणी मिसळून ती घट्ट बसवतात, पोकळ भागासाठी रेझिनचा कोअर ठेवतात आणि मग भट्टीतला वितळलेला धातू त्यात सोडतात. धातू थंड झाला की साचा फोडायचा. फुटलेल्या साच्याची वाळू पुन्हा वापरता येते, पण किती वेळा? प्रत्येक फेरीत तिच्यातला बेंटोनाइट जळतो, कण झिजून बारीक होतात, रेझिनचे पुट चढते. शेवटी ती टाकून द्यावी लागते आणि नवी सिलिका वाळू आणावी लागते. ही वाळू सिंधुदुर्गातल्या कणकवली तालुक्यातल्या कासार्डेसारख्या गावांत खणून काढतात. म्हणजे एका टोकाला कोकणातल्या खाणी वाढत जातात आणि दुसऱ्या टोकाला कारखान्यांमागे काळ्या वाळूचे ढीग. जळकी वाळू भाजून, घासून पुन्हा नव्यासारखी करणारी यंत्रणा जगात आहे. पण वीस-तीस कामगारांच्या फौंड्रीने ती एकटीने घ्यायची म्हटले, तर कर्जाचा हप्ता भरता भरता फौंड्रीच बंद पडायची. तीन-चारशे मीटरवरच्या शेजाऱ्याचीही तीच अडचण, त्याच्या शेजाऱ्याचीही तीच. कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. त्यांच्या समूहाने सरकारी योजनेची मदत घेऊन वाळूच्या पुनर्वापराचा सामाईक प्रकल्प उभा केला, तो या अडचणीवरचा उपाय म्हणून.

स्थानिक विकासासाठी झटणाऱ्या संस्थांचे खरे काम या वाळूत दिसते. उद्योजकांच्या संघटना, चेंबर, क्लस्टर, बागायतदारांचे संघ अशी त्यांची नावे निरनिराळी असली, तरी त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोनच चित्रे रूढ आहेत. पहिले, मोठी कंपनी गावात यावी म्हणून मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या शिष्टमंडळाचे. दुसरे, वर्षातून एकदा पुरस्कार सोहळा करणाऱ्या मंडळाचे. दोन्ही कामे होतात आणि त्यांना थोडेफार मोलही आहे. पण गाव वाढते ते तिसऱ्याच कामामुळे. जे प्रत्येकाला लागते, एकट्याला परवडत नाही, बाहेरचा व्यापारी पुरवत नाही आणि सरकारला ज्याची बारीक जाण नसते, ते मिळून उभे करायचे. या कामाला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही, कारण त्यात करारावर सही करतानाचे छायाचित्र नसते.

एकाच धंद्याचे अनेक छोटे कारखाने एकाच गावात का फुलतात, हा प्रश्न अर्थशास्त्राला जुना आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात शेफिल्डच्या चाकू-कात्र्यांसारख्या धंद्यांकडे पाहून त्याचे उत्तर मांडले होते: कुशल माणसे तिथेच मिळतात, सुटे भाग पुरवणारे तिथेच असतात आणि धंद्यातल्या खुब्या एका कारखान्यातून दुसऱ्यात आपोआप झिरपतात. कोल्हापूरची गोष्ट याच वळणाची आहे. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ऑइल इंजिने आणि शेतीपंप बनवायला सुरुवात केली, त्यांच्यासाठी ओतकाम आले, साखर कारखान्यांच्या यंत्रांचे भाग आले, पुढे वाहन उद्योगाची कामे आली आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा हा विस्तार होत गेला. यात बाहेरून आणून बसवलेली एखादी महाकाय कंपनी नाही. मात्र मार्शल यांचे उत्तर इथे अपुरे पडते. खुब्या आपोआप झिरपतात, वाळूचा प्रकल्प आपोआप उभा राहत नाही. धातूत कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती आहे हे क्षणात सांगणारा स्पेक्ट्रोमीटर आपोआप येत नाही. वाहन कंपनी चाचणीचा दाखला मागते, तो दाखला नसेल तर कितीही चांगला मिस्त्री असला तरी ऑर्डर मिळत नाही. शेजारामुळे जे फुकट मिळते आणि जे ठरवून, पैसे घालून उभारावे लागते, त्या दोहोंमधले अंतर भरून काढायला संस्था लागते. शिरोलीच्या उद्योजकांची संघटना स्मॅक स्वतःचे आयटीआय चालवते, त्यामागचे कारणही हेच. पोरगा आपल्याकडे शिकून शेजारच्या कारखान्यात गेला तर आपला खर्च वाया गेला, या भीतीने एकटा मालक प्रशिक्षणावर खर्च करत नाही. सगळ्यांनी मिळून शिकवले, तर तो कुठेही गेला तरी गावातच राहतो.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसाचा असतो: हे सगळे एकमेकांचे स्पर्धक आहेत, एकमेकांची गिऱ्हाइके पळवतात, ते एकत्र कसे येतील? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच एकत्र येण्याची जागा नेमकी निवडावी लागते. दर, गिऱ्हाईक, डिझाइन यांत स्पर्धा राहणारच आणि ती राहावीही. पण काही गोष्टींत स्पर्धकांचे नशीब एकमेकांना बांधलेले असते. द्राक्षाइतके हे कुठेच स्पष्ट दिसलेले नाही. २०१० च्या हंगामात नाशिक, सांगली, सोलापूरकडून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची पालेवाढ रोखायला ते वापरले जात होते, आणि निर्यातीआधी आपल्याकडे होणाऱ्या चाचण्यांच्या यादीत ते नव्हते. युरोपच्या बंदरांत कंटेनर अडकले. ज्याने सीसीसी वापरले होते त्याचा माल अडला आणि ज्याने काळजीपूर्वक टाळले होते त्याचाही भाव कोसळला, कारण तिकडच्या दुकानदाराच्या लेखी दोघांचीही द्राक्षे भारताचीच होती. बाजारातले नाव ही सामाईक मालमत्ता आहे, ती कोणा एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नसते. म्हणून छाटणीच्या हंगामात बागायतदार संघ जी चर्चासत्रे घेतो, कोणते औषध कधी थांबवायचे हे गावोगाव सांगतो, त्याची किंमत एकट्याच्या वहीत मांडताच येत नाही. शेजाऱ्याची बाग स्वच्छ असण्यात आपला स्वार्थ आहे, हे ज्या धंद्यात कळते तिथे स्पर्धकही एकत्र बसतात.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. अशा संस्था चार वजनदार माणसांच्या हातात जातात. अनुदान त्यांना, पदे त्यांना आणि छोट्यांच्या वाट्याला सभासद वर्गणी. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. १९५० च्या डिसेंबरअखेरीस प्रवरेचा सहकारी साखर कारखाना गळिताला सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रयत्नाने आणि धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली. तेव्हा खासगी कारखानदारांपुढे हतबल असलेल्या ऊसवाल्यांनी केलेली ती सामाईक उभारणी होती. तिच्यातून शाळा, महाविद्यालये, दवाखाने, रस्ते आले, हे कोणी नाकारू नये. पुढे अनेक कारखाने राजकारणाचे गड झाले, कर्जात बुडाले, विकले गेले, हेही नाकारू नये. यावरून सामाईक संस्था नकोच, असा निष्कर्ष काढणे मात्र मला पटत नाही. एकट्यादुकट्या मालकाला स्पेक्ट्रोमीटर परवडत नाही ही वस्तुस्थिती त्या निष्कर्षाने बदलत नाही. धडा घ्यायचा तो रचनेचा. केंद्राच्या सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास कार्यक्रमाच्या २०१० च्या नियमांत तो बऱ्यापैकी उतरलेला दिसतो. सामाईक सुविधा केंद्रासाठी उद्योजकांनी स्वतंत्र कंपनी काढायची, तिच्यात किमान २० छोटे कारखाने सभासद हवेत, कोणा एकाकडे १० टक्क्यांहून जास्त भांडवल नको, आणि केंद्राचा वापर सभासद नसलेल्यांनाही खुला हवा. त्या नियमांनुसार १५ कोटींपर्यंतच्या प्रकल्पाला ७० टक्के अनुदान केंद्राचे होते. उरलेल्यात राज्याची मदत धरूनही सभासदांचा स्वतःचा पैसा घालणे बंधनकारक. हा शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याने खिशातले पैसे घातले, तो वार्षिक सभेत प्रश्न विचारतो. जिथे बहुतेक सगळे अनुदानातूनच आले, तिथे यंत्र खोक्यातून बाहेर निघायलाही वर्ष लागते आणि त्याचा जाब विचारणारे कोणी उरत नाही.

आणि सरकारनेच हे का करू नये? रस्ता, पाणी, वीज, औद्योगिक भूखंड ही सरकारचीच कामे आहेत; १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने ती केल्यामुळेच आजचा औद्योगिक महाराष्ट्र उभा आहे. पण भूखंड आखून देणारा अधिकारी कोल्हापूरच्या वाळूत आणि इचलकरंजीच्या सुतात फरक कसा करणार? कोणती चाचणी अडते, कोणते कौशल्य कमी पडते, हे रोज सोसणाऱ्यालाच माहीत. सरकारने पैसा आणि नियम द्यावेत, गरजेची निवड धंद्यातल्या माणसांनी करावी, ही वाटणी बरी. तिच्यातही एक धोका आहेच. संघटनांना सर्वांत सोपे काम म्हणजे सवलती मागणे. महाराष्ट्रातली वीज कर्नाटकापेक्षा महाग म्हणून सीमेपलीकडे जाण्याची भाषा कोल्हापूरच्या उद्योजकांनी जाहीरपणे केली होती. विजेवरच भट्टी चालवणाऱ्याची ती तक्रार खोटी नव्हती. पण सवलत सरकार बदलले की जाते, शेजारच्या राज्याने जास्त दिली की तिचा उपयोग संपतो. वाळूचा प्रकल्प आणि आयटीआय कोणी सीमेपलीकडे उचलून नेत नाही.

एवढे मान्य केले तरी सर्वांत कठीण प्रश्न उरतो. धंदा वाढला म्हणजे गाव वाढले का? याचे उत्तर शोधायला तमिळनाडूतल्या तिरुप्पूरइतके बोलके शहर देशात नाही. बनियन-टीशर्टच्या या शहरातल्या निर्यातदारांनी १९९० मध्ये संघटना काढली. शहराला पाणी पुरत नव्हते, कपडा रंगवायला टँकरचे पाणी विकत घ्यावे लागत होते. संघटनेने राज्य सरकार आणि वित्तसंस्थांबरोबर एका कंपनीत भागीदारी केली आणि हजार कोटींहून जास्त खर्चाची योजना उभी राहिली, रोज १८.५ कोटी लिटर पाणी आणण्याची तिची क्षमता. कारखान्यांना पाणी चढ्या दराने आणि घरांना, वाटेवरच्या गावांना स्वस्तात, अशी तिची आखणी. व्यापारी संघटनेच्या गरजेतून सामान्य घरातल्या नळाला पाणी आले, हे या संस्थांच्या बाजूचे मला माहीत असलेले सर्वांत भक्कम उदाहरण आहे.

त्याच शहराची दुसरी बाजू नोय्यल नदीत वाहत होती. रंगाईचे क्षारयुक्त सांडपाणी नदीत गेले, खालच्या अंगाच्या ओरथुपालयम धरणात साठले, विहिरी खारट झाल्या, शेती गेली. नोय्यलच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला, तो नीट पाळला गेला नाही, आणि जानेवारी २०११ मध्ये न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद ठेवायला लावले. सांडपाण्याचा एक थेंबही नदीत जाणार नाही अशी व्यवस्था झाल्याशिवाय ते उघडायचे नव्हते. हजारो कामगारांची मजुरी बुडाली, कामे दुसऱ्या शहरांत गेली. राज्य सरकारने सामाईक सांडपाणी केंद्रांना २०० कोटींचे बिनव्याजी कर्ज दिले, केंद्रांनी तंत्र सुधारले, कारखाने हळूहळू पुन्हा सुरू झाले. आज बहुतांश पाणी आणि मीठ शुद्ध करून पुन्हा रंगाईत वापरण्यासाठी हेच शहर ओळखले जाते. म्हणजे काम जमत होते. ते वीस वर्षे आधी का झाले नाही, तर संघटनेच्या टेबलावर निर्यातदार होते, रंगाईवाले होते, अधिकारी होते. नदीच्या खालच्या अंगाचा शेतकरी नव्हता. त्याला आपले म्हणणे मांडायला न्यायालयाशिवाय जागाच नव्हती.

पंचगंगेकाठच्या माणसाला यातले काहीच परके वाटणार नाही. इचलकरंजीचे सांडपाणी आणि खाली शिरोळ तालुक्यातल्या गावांचे पिण्याचे पाणी यांचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. तिथेही सामाईक प्रक्रिया केंद्र आहे, आणि तिथेही खालच्या गावांना त्याच्या कारभारात बसायला खुर्ची नाही. उलट चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये, २००३ च्या केंद्रीय योजनेतून उभ्या राहिलेल्या चाचणी आणि संशोधन केंद्रात, उद्योजकांच्या आणि मराठा चेंबरच्या जोडीला पिंपरी-चिंचवड महापालिकाही भागीदार आहे. निवडून आलेली संस्था आत बसली की सगळे प्रश्न सुटतात असे नाही, पण निदान शहराला आत पाहण्याचा हक्क मिळतो. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक क्लस्टरला हा हक्क द्यायला लावावे: कारभारी मंडळात स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक, कामगारांचा एक आणि जिथे पाण्याचा प्रश्न आहे तिथे खालच्या गावांचा एक. गुपिते फुटतील, निर्णय रेंगाळतील, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. परंतु सामाईक केंद्रात कोणाच्या डिझाइनचे गुपित मुळात नसतेच, आणि तिरुप्पूरमध्ये निर्णय रेंगाळल्याची किंमत सभासदांनीच सर्वांत जास्त मोजली.

कारभाराची पारख करायला उद्घाटनाची कोनशिला उपयोगाची नाही. यंदा सभासद नसलेल्या किती कारखान्यांनी प्रयोगशाळा वापरली, किती टन वाळू प्रकल्पात गेली आणि किती अजून ढिगावर पडते, आयटीआयमधून बाहेर पडलेल्या किती मुलामुलींना त्याच तालुक्यात काम मिळाले, नदीत सोडलेल्या पाण्याची तपासणी कोणी आणि कधी केली: एवढे चार आकडे दरवर्षी महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत, आणि ते लागेपर्यंत अनुदानाचा पुढचा हप्ता थांबला पाहिजे.