आंघोळीच्या पाण्याला किती लाकूड लागते?

कर्जत आणि खालापूर हे तालुके रायगडातच असले, तरी अलिबाग-मुरूडसारखी समुद्राची ऊब त्यांना मिळत नाही. डोंगरांच्या कुशीतल्या वाड्या-पाड्यांत डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो. पारा कधी १५ अंशांच्याही खाली उतरतो. मग अंगणात शेकोटी पेटते, न्हाणीजवळच्या तीन दगडांच्या चुलीवर हंडा चढतो, कुठे पितळी बंब धगधगू लागतो. स्वयंपाकाला गॅस आला आहे, अशा घरांतही हे दृश्य दिसते.

या थंडीत एका घरात किती सरपण जळते, असे विचारले तर उत्तर बहुधा मोळ्यांत मिळते. मोळीचे वजन मात्र कोणी केलेले नसते. ते लाकडाच्या जातीप्रमाणे, ओलेपणाप्रमाणे आणि ती डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या वयाप्रमाणे बदलते. म्हणून जगभर इंधनाचा अभ्यास करणारे लोक घरच्यांच्या आठवणीवर फारसे विसंबत नाहीत. ते थेट काटा घेऊन घरी जातात.

थंड देशांत हा प्रश्न कोळशाचा आहे. मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी जळणाऱ्या कच्च्या कोळशाने हवा इतकी बिघडली, की २०१९ च्या मे महिन्यात तिथे त्यावर बंदी घालावी लागली. कर्जत-खालापुरात घर तापवण्याची गरज नाही. इथे तापवायचे असते ते पाणी आणि इंधन असते लाकूड. कोळसा येतो तो फार तर बाळंतिणीच्या शेकशेगडीपुरता. मोजण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

काटा आणि वही

ही रीत साधी आहे. सकाळी घरातले सरपण एका बाजूला रचून त्याचे वजन करायचे. दिवसभर त्याच ढिगातले लाकूड वापरायचे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले तोलायचे आणि नवी मोळी आली असेल तर तीही तोलून मांडायची. असे किमान तीन-चार दिवस, जमल्यास आठवडाभर करायचे. हुकाला अडकवायचा ताणकाटा यासाठी पुरतो.

दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. पहिली ओलाव्याची. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. चुलीतली बरीचशी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते आणि धूरही जास्त होतो. त्यामुळे ओले दहा किलो आणि सुके दहा किलो यांचा हिशेब एक धरता येत नाही. दुसरी गोष्ट माणसांची. अभ्यासक पुरुषाला एक, स्त्रीला ०.८, साठीच्या पुरुषाला ०.८ आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलाला ०.५ असे माप धरतात. नवरा-बायको, सासू आणि दोन मुले असे पाच जणांचे घर या मापाने ३.६ भरते. मगच एका घराची तुलना दुसऱ्याशी करता येते.

अडचण एकच. कोणी मोजते आहे म्हटले की माणूस नकळत काटकसर करतो. यावर उपाय म्हणून काही संशोधक चुलीला बटणाएवढे तापमापक लावून ठेवतात. चूल किती वेळा आणि किती वेळ पेटली, याची नोंद ते आपोआप करतात. गॅस आल्यावरही चूल पूर्णपणे विझत नाही, हे अशा नोंदींतून अनेक देशांत दिसून आले आहे.

हंड्याचे गणित

वजनाची नोंद करताना वहीत स्वयंपाक, आंघोळीचे पाणी, शेकोटी आणि गुरांचे आंबोण असे वेगवेगळे रकाने ठेवले तर खरी गंमत कळते. पाण्याचा रकाना किती मोठा निघेल, याचा अंदाज कागदावरही बांधता येतो.

पाच माणसे, प्रत्येकी १५ लिटर गरम पाणी, म्हणजे ७५ लिटर. ते २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे ७.८ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात १५ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते, पण तीन दगडांच्या चुलीवर त्यातली १२ टक्के भांड्यापर्यंत पोचली तरी पुष्कळ. बाकीची हवेत जाते. म्हणजे रोज सुमारे ४.४ किलो लाकूड नुसत्या आंघोळीला लागले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या १२० दिवसांत हा आकडा सव्वापाचशे किलोच्या घरात जातो. हे सगळे कोणाला तरी जंगलातून डोक्यावर आणावे लागते आणि बहुतेक घरांत ते काम बाईचे असते.

हेच पाणी गॅसवर तापवले तर? एक किलो गॅसमध्ये सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते आणि शेगडी त्यातली ६० टक्के भांड्याला देते असे धरू. रोजचा खर्च २८४ ग्रॅम येतो. १४.२ किलोचे सिलिंडर फक्त आंघोळीवर ५० दिवसांत संपते, थंडीच्या चार महिन्यांत जवळजवळ अडीच सिलिंडर. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हे परवडत नाही. म्हणून भाजी गॅसवर आणि हंडा चुलीवर अशी वाटणी होते. यात आळस नाही की अज्ञानही नाही. घरातल्या बाईने मनातल्या मनात केलेला हा चोख हिशेब आहे.

सरकारी आकड्यांत हा हंडा मात्र सहसा दिसत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथून सुरू झाली आणि गॅसजोडण्या झपाट्याने वाढल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली ५८.६ टक्के घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरतात. पण पाहणीतला प्रश्न स्वयंपाकाच्या मुख्य इंधनाचा असतो. ज्या घरात भात गॅसवर शिजतो आणि पाणी लाकडावर तापते, ते घर कागदोपत्री धूरमुक्त ठरते.

धूर किती आणि कोणाच्या छातीत

एक किलो लाकूड साध्या चुलीत जळले की काही ग्रॅम अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. काही ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २४ तासांसाठी सुचवलेली मर्यादा आहे दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे मायक्रोग्रॅम होतात दहा लाख. म्हणजे एक ग्रॅम कण दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या दोन हजारांहून अधिक खोल्यांतली स्वच्छ हवा या मर्यादेपर्यंत नेऊ शकतात.

हे कण फुप्फुसात खोलवर जातात. पुण्यात छातीच्या विकारांवर संशोधन करणारे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात, कधीही बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांना होणाऱ्या श्वसननलिकांच्या दीर्घ विकारामागे चुलीचा धूर हे मोठे कारण असल्याचे मांडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या प्रदूषित हवेमुळे जगात ३२ लाख मृत्यू झाले. पहाटे चुलीपाशी फुंकणी घेऊन बसणारी बाई आणि उबेसाठी तिला बिलगलेले मूल या धुराच्या सर्वांत जवळ असतात.

बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीची गोष्ट निराळी. लोणारी कोळशाचा धूर फारसा दिसत नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. प्रत्यक्षात त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू निघतो. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत तो आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी बरी. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये, रात्री झोपताना तर मुळीच नाही.

थंडीतले ऊन

वहीतले रकाने वेगळे केले की उपायही वेगळे सुचतात. हंड्यावर झाकण ठेवणे, लाकूड बारीक फोडून आणि वाळवून जाळणे, पाण्याची चूल घराबाहेर उघड्यावर नेणे याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ताणकाट्यावर आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर तोलले, तर फरक घरच्यांनाच दिसतो.

मोठा बदल मात्र उन्हाच्या हातात आहे. कर्जत-खालापुरात ज्या महिन्यांत पाणी सर्वांत गार असते, त्याच महिन्यांत आभाळ निरभ्र असते. नळाचे पाणी आणि पक्के छत असलेल्या घराला १०० लिटरचा सौर बंब हंड्याच्या चुलीतून सोडवू शकतो. त्याला सुमारे दोन चौरस मीटर जागा लागते. जिथे पाणीच डोक्यावरून येते, त्या वाडीत काळा रंग दिलेले झाकणबंद भांडे दिवसभर उन्हात ठेवून मुलांच्या आंघोळी संध्याकाळी उरकणे एवढे तरी जमते.

ग्रामपंचायतीने किंवा शाळेने दहा घरांत जरी एक आठवडा थंडीत, एक उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात सरपण तोलले, तरी गॅसची सवलत, सौर बंब की सुधारित चूल यांपैकी कुठल्या घराला काय हवे, हे नेमके सांगता येईल. त्यासाठी लागतो तो एक काटा आणि एक वही.