टीव्हीच्या फाइलला मोकळीक नको

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली आणि मियागी प्रांतातल्या तागाजो शहरातल्या सोनीच्या कारखान्यात पाणी शिरलं. एचडीकॅम एसआर ही व्हिडिओ टेप तिथे बनत असे आणि अमेरिकेतल्या अनेक मोठ्या मालिका त्या काळी याच टेपवर चॅनलकडे जात. बघता बघता टेपचा तुटवडा पडला आणि ‘पुढे बघू’ म्हणून लांबणीवर टाकलेली फाइलची भानगड निर्मात्यांना हाती घ्यावी लागली. टेप गेली, फाइल आली, एवढं सगळे सांगतात. पण टेपसोबत एक गोष्ट फुकट मिळत होती, ती म्हणजे शिस्त. टेपची रुंदी, तिचा वेग, आवाजाचे ट्रॅक, सगळं मशीन बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असे. फाइलमध्ये यातलं प्रत्येक ठिकाण मोकळं सुटतं. म्हणून टीव्हीच्या फाइल फॉरमॅटचं पहिलं काम चित्र देखणं करणं हे नव्हे, या मोकळ्या वाटा बंद करणं हे आहे, असं मला वाटतं.

एक साधी चूक जवळून पाहू. आपल्याकडच्या एचडी चॅनलवर सेकंदाला २५ फ्रेम दिसतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते. एकात एक सोडून एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या. ही दोन्ही अर्धी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली. आधी कोणतं अर्धं दाखवायचं, हे फाइलमधली एक बारीकशी खूण सांगते. ती खूण उलटी पडली, तर एडिटिंगच्या संगणकावर फ्रेम थांबवून कितीही निरखा, काही वावगं दिसणार नाही. टीव्हीवर मात्र धावणारा गोलंदाज थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे असा थरथरत येतो. चित्राचा एक ठिपकाही बिघडलेला नसतो. बिघडते ती फक्त त्याच्याबद्दलची माहिती. चित्र दाबून लहान करणारा कोडेक वेगळा आणि चित्र, आवाज, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) अशा सगळ्या माहितीसकट ते वाहून नेणारा डबा वेगळा, हा फरक इथे कळतो. प्रसारणात रुळलेला डबा म्हणजे एमएक्सएफ. एसएमपीटीई या संस्थेने २००४ मध्ये त्याचं मानक प्रसिद्ध केलं.

मग साधी एमपी४ का नको, मोबाइलवर तर छान चालते? चालते, कारण तिथे प्लेअर सांभाळून घेतो, अडलं तर गोल फिरणारं चक्र दाखवतो. कार्यक्रम हवेत सोडणाऱ्या चॅनलच्या यंत्रणेला, म्हणजे प्लेआउटला, ती चैन नाही. पुढची फ्रेम वेळेवर आली नाही तर पडदा काळा. शिवाय नेहमीच्या एमपी४मध्ये अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. एमएक्सएफची रचना लिहिता लिहिता वाचण्याजोगी करता येते, म्हणून सामना चालू असतानाच त्याच फाइलमधून मघाचा षटकार कापून घेता येतो. दुसरा आक्षेप वजनाचा. ५० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने २२ मिनिटांच्या एका एपिसोडचं नुसतं चित्रच सव्वाआठ गिगाबाइटच्या घरात जातं आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातले मोजके मेगाबिट उरतात. मग एवढा भार कशाला वाहायचा? कारण वाटेत त्यावर लोगो बसतो, खाली पट्ट्या धावतात आणि दर टप्प्यावर चित्र उलगडून पुन्हा दाबलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढायची असेल तर मूळ प्रत ठसठशीतच लागते.

एमएक्सएफने सगळं सुटलं असंही नाही. सगळ्यांची सोय पाहण्याच्या नादात हे मानक इतकं ऐसपैस झालं की एका कंपनीची एमएक्सएफ दुसरीच्या मशीनवर उघडेना. (सर्वपक्षीय समितीचं असंच होतं.) ब्रिटनमधल्या वाहिन्यांनी यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४ वगैरेंनी एकत्र येऊन एएस-११ नावाची आखूड चौकट स्वीकारली आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून फाइल हाच कार्यक्रम देण्याचा नेहमीचा मार्ग ठरवला. एचडी चित्र एव्हीसी-इंट्रा या कोडेकमध्येच, १०० मेगाबिटच्या दर्जाचं. आवाजाची सरासरी पातळी ठरलेली. कार्यक्रमाची पहिली फ्रेम टाइमकोडवर बरोब्बर १०:००:०० ला. यात छोटा निर्माता चेंगरतो, अशी तक्रार होते, आणि तपासणीत फाइल परत आली की त्याची रात्र जाते हे खरंच. पण पूर्वी त्याला महागडं टेप मशीन भाड्याने आणावं लागे. आता नियम सगळ्यांना फुकट वाचायला आहेत आणि एकाच साच्यातली फाइल प्रत्येक वाहिनीच्या दारात चालते.

जुन्याजाणत्यांचा शेवटचा आक्षेप असा की टेप निदान कपाटात दिसायची, फाइलचा काय भरवसा. पण कपाटातल्या टेपा तशाच आहेत, त्या वाजवणारी मशीन आणि सुटे भाग मात्र दुर्मीळ होत चाललेत. फाइलही आपसूक टिकत नाही. ती ज्या एलटीओ टेपवर साठवतात तिचे नवे ड्राइव्ह फार तर एकदोन पिढ्या मागचंच वाचतात, त्यामुळे दर काही वर्षांनी सगळा साठा पुढच्या पिढीवर उतरवून घ्यावा लागतो. दर वेळी प्रत मुळाबरहुकूम आहे की नाही हे चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, ताडून पाहता येतं, आणि डब्याची रचना छापील मानकात असल्याने कारखाना बंद पडला तरी तो उघडणारं सॉफ्टवेअर कुणालाही नव्याने लिहिता येतं.